शर्यतीचे दिवस मोजता, मग कामगारांचे दिवस कोण मोजणार?

घोड्यांच्या शर्यतीचे दिवस कमी करण्याची नुसती चर्चा निघाली तरी एक ठरलेली ओरड ऐकू येते. उद्योग बुडेल, हजारो सईस, नालबंद, गवतवाले बेकार होतील, त्यांच्या चुली विझतील! ही ओरड करणारे लोक कोण असतात? घोड्यांचे मालक, क्लबचे सभासद आणि स्टड फार्मवाले. ज्या सईसाच्या नावाने ही ओरड चालते, तो सईस बैठकीत नसतो, शिष्टमंडळात नसतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरातही नसतो. त्याची गरिबी तेवढी युक्तिवादाला वापरली जाते.

कुणी म्हणेल, किनवटच्या माणसाला मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे. महालक्ष्मी रेसकोर्सची सुमारे २११ एकर जमीन ही राज्य सरकारची आणि मुंबई महापालिकेची, म्हणजे जनतेची आहे. त्यात किनवट, माहूर, हिमायतनगरच्या माणसाचाही वाटा आहे. शिवाय ज्या कायद्याने आमच्याकडे तिर्रट खेळणाऱ्या मजुराला पोलीस उचलून नेतात, त्याच कायद्यात रेसकोर्सवरच्या पैजेला मोकळीक आहे. म्हणून हा इतिहास आपण समजून घेतला पाहिजे.

साहेबांचा खेळ, रयतेचा पैसा

मुंबईत इंग्रजांनी १८०० च्या आसपास भायखळ्याला घोड्यांच्या शर्यती सुरू केल्या. १८८३ साली शर्यती महालक्ष्मीला आल्या. १९३५ मध्ये क्लबच्या नावापुढे 'रॉयल' लागले आणि तो 'रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब' झाला. इंग्रज गेले, 'रॉयल' मात्र राहिले. हा क्लब मुंबईत हिवाळ्यात आणि पुण्यात पावसाळ्यात शर्यती भरवत आला आहे.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. किनवट तालुका तर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. या राज्याची शर्यत हैदराबादला चालायची. सहावा निजाम मीर महबूब अली खान याच्या काळात, १८८६ साली, ती मौला अलीहून मलकपेठेत आली. त्याच राज्यात वेठबिगार होती. कर्जापोटी पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या वाड्यावर राबणारे भगेले होते. घोड्याच्या तबेल्यात शेण काढणारा आणि तबेल्याच्या मालकापुढे मान खाली घालून उभा राहणारा माणूस कोणत्या थरातला होता, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

मुंबई इलाख्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा होता. मग १९१२ मध्ये रेसकोर्स परवाना कायदा आला. परवान्याशिवाय शर्यत भरवता येणार नाही, परवाना सरकार देईल आणि शर्ती घालील, असा तो कायदा. जुगार कायद्यातही घोड्याच्या शर्यतीपुरता अपवाद आहे. त्या शर्यतीच्या दिवशी, परवानाधारक रेसकोर्सवर, त्यासाठी राखलेल्या कुंपणाच्या आत पैज लावली तर तो गुन्हा नाही. तीच पैज कुंपणाबाहेर लावली तर गुन्हा. म्हणजे गुन्हा पैजेत नाही, माणूस कुंपणाच्या कोणत्या बाजूला उभा आहे यात आहे! आणि कुंपणाच्या आत कोण जाऊ शकत होते, हे तिकिटाचे दर आणि क्लबचे सभासदत्व ठरवत होते. म्हणून मटक्याची चिठ्ठी खिशात सापडलेला हमाल आरोपी होतो आणि तोटच्या खिडकीवर हजारांची पैज लावणारा शेठ 'क्रीडाप्रेमी' होतो.

बाबासाहेबांनी संविधान सभेत काय सांगितले?

सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत राज्यसूचीतील 'पैज आणि जुगार' या नोंदीवर चर्चा झाली. ही नोंदच काढून टाका, स्वतंत्र भारताच्या संविधानात जुगाराचे नाव कशाला, असे काही सभासदांचे म्हणणे होते. भावना चांगली होती. पण बाबासाहेब भावनेवर कायदा लिहिणारे नव्हते. त्यांनी उत्तर दिले त्याचा आशय असा: ही नोंद काढली तर जुगार बंद होणार नाही, उलट राज्यांच्या हातातला अधिकारच जाईल. नोंद ठेवली तर राज्य सरकारला जुगाराला परवानगीही देता येईल आणि बंदीही घालता येईल. आज ती नोंद सातव्या अनुसूचीत राज्यसूचीच्या ३४ व्या क्रमांकावर आहे, आणि पैजेवरच्या कराची नोंद ६२ व्या क्रमांकावर.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. शर्यतीचे दिवस किती असावेत, कोणत्या शर्तीवर असावेत, हे क्लबची दैवी देणगी ठरवत नाही. लोकांनी निवडलेले सरकार ठरवते. परवाना हा हक्क नाही, शर्तीवर दिलेली मोकळीक आहे. म्हणून जेव्हा जेव्हा दिवसांचा वाद होतो तेव्हा आपला प्रश्न एकच असला पाहिजे. शर्तींमध्ये कामगार कुठे आहे?

तामिळनाडूने हा अधिकार वापरला होता. १९७४ मध्ये करुणानिधींच्या सरकारने घोड्यांच्या शर्यती बंद करण्याचा कायदा केला. गरिबांचे संसार पैजेत उद्ध्वस्त होतात, ही त्यामागची भूमिका. क्लब कोर्टात गेला. जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, तिच्यावरची पैज म्हणजे जुगार नव्हे. कौशल्य कोणाचे? घोड्याचे, जॉकीचे, ट्रेनरचे. पैज लावणारा तर खुर्चीत बसलेला असतो. असो, निकाल तो निकाल. पण ज्याच्या कौशल्यामुळे हा खेळ जुगाराच्या डागातून सुटला, त्या राबणाऱ्या माणसाला त्या निकालातून काय मिळाले?

दिवस कमी झाले की कोण आधी मरतो?

आता दिवस कमी होण्याचे अर्थकारण बघू. शर्यतीच्या घोड्याला रोज खायला लागते, शर्यत असो की नसो. ओट, हरभरा, लसूणघास, पाणी, मालीश, नाल, डॉक्टर. मालक दर महिन्याला ट्रेनरला पैसे देतो, आणि ट्रेनर त्यातून सईसाचा पगार काढतो. एका सईसाकडे साधारण दोन-तीन घोडे असतात. पहाटे अंधारात घोडा बाहेर काढणे, खरारा, लीद काढणे, रात्री पोटशूळ उठला तर जागणे, हे सगळे त्याचे काम. शर्यतीचे दिवस कमी झाले की बक्षिसाची रक्कम कमी होते. मालक हिशोब करतो आणि घोडे कमी करतो. घोडे कमी झाले की सईस कमी.

याचा दुसरा फटका उशिरा बसतो. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि शिंगरू शर्यतीत उतरायला दोन वर्षे जातात. म्हणजे आज ब्रीडरने घोडी फळवली नाही तर तीन वर्षांनी तबेला रिकामा दिसतो. तेव्हा कुणाला आठवतही नाही की हे कशामुळे झाले.

तिसरी गोष्ट क्लबवाले मोठ्याने बोलत नाहीत. आता एका शहरातली शर्यत दुसऱ्या शहरात पडद्यावर दाखवून तिच्यावर पैज घेता येते. स्वतः शर्यत भरवायची तर बक्षीस, ट्रॅक, डॉक्टर, अॅम्ब्युलन्स, दिवसभराची माणसे, सगळा खर्च येतो. पडद्यावर दुसऱ्याची शर्यत दाखवायला तेवढा खर्च नाही. म्हणजे स्वतःच्या शर्यतीचे दिवस घटले तरी पैजेची खिडकी उघडी राहू शकते. सईसाला मात्र पडद्यावरच्या घोड्याचा खरारा करता येत नाही!

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने शर्यती थांबल्या तेव्हा हे सगळे एकदम उघडे पडले. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने बंगळूर टर्फ क्लबला परवाना नाकारला तेव्हाही तेच झाले. देशाबाहेर मकाऊची शर्यत २०२४ मध्ये बंद झाली. सिंगापूरच्या क्लबने १८० वर्षांच्या परंपरेनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये शेवटची शर्यत भरवली, कारण सरकारला ती जमीन घरांसाठी हवी होती. म्हणून मी असे म्हणत नाही की रोजगाराचा प्रश्न खोटा आहे. प्रश्न खरा आहे, फक्त तो चुकीच्या माणसाच्या तोंडातून येतो आहे.

करासाठी 'उद्योग', विम्यासाठी नाही?

१९४३ साली महालक्ष्मीवर पहिली इंडियन डर्बी झाली. बडोद्याच्या राजघराण्याची 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' ही घोडी जिंकली. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. आणि त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. त्यांच्या मजूर खात्याने मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम दिले. १९४४ मध्ये आडारकरांचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आजारी पडलेल्या कामगाराला औषध, जखमी झालेल्याला भरपाई, बाळंतिणीला पगारी रजा. आपण ज्याला 'ईएसआय' म्हणतो तो हा कायदा.

आता या कायद्याशी रेस क्लबांचे वर्तन कसे राहिले ते बघा. आम्हाला हा कायदा लागूच होत नाही, असे म्हणत क्लब वर्षानुवर्षे कोर्टात भांडले. २००४ मध्ये हैदराबाद रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायदा लागू होतो. तरी वाद संपला नाही. पुन्हा प्रश्न काढला गेला की रेस क्लब हे 'दुकान' कसे? जुलै २०१४ मध्ये बंगळूर टर्फ क्लबच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पुन्हा सांगितले की पैसे घेऊन लोकांना सेवा देता, तेव्हा या कायद्यापुरते तुम्ही दुकानच आहात. त्यानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द आपल्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचे प्रकरण निकाली निघाले. तिथे मुद्दा रोजंदारीच्या माणसांचा होता. असे कॅज्युअल कामगार हे कायद्याने 'कर्मचारी' आहेत की नाहीत? न्यायालय म्हणाले, आहेत. ज्या वर्गणीवरून हा वाद होता ती सत्तर-ऐंशीच्या दशकांतली होती! त्या काळात राबलेल्यांपैकी किती जण निकाल ऐकायला जिवंत असतील याचा विचार करा.

हाच माझ्या लेखाचा मुद्दा आहे. कर कमी करून हवा असतो तेव्हा क्लब म्हणतो, आम्ही मोठा उद्योग आहोत, आमच्यावर हजारो कुटुंबे जगतात. विम्याची वर्गणी भरायची वेळ येते तेव्हा तोच क्लब म्हणतो, आम्ही दुकान नाही आणि हे आमचे कर्मचारी नाहीत. दिवस वाचवायला कामगार मोजायचा आणि विमा द्यायला कामगार वगळायचा, असे दोन हिशोब एका वहीत चालणार नाहीत.

कोणाच्या जनावराला न्याय?

जनावरावर जगणारे फक्त रेसकोर्सवरच आहेत का? ऑक्टोबर १९९८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ बंद केले. दरवेशी समाजाचे अस्वल गेले, माकडवाल्यांचे माकड गेले. भटक्या-विमुक्तांच्या या पिढीजात पोटापाण्याचा 'उद्योगावर परिणाम' कोणी अभ्यासला? जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या घोडागाड्या, म्हणजे व्हिक्टोरिया, बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. तोही घोडाच होता, त्यालाही हाकणारा माणूस होता. पण त्याच्या मागे क्लब नव्हता. प्राण्यांचे हाल थांबलेच पाहिजेत, बुद्धाच्या करुणेवर श्रद्धा असणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रश्न एवढाच आहे की करुणेची किंमत दरवेळी गरिबानेच का मोजायची?

मधला थर बैलगाडा शर्यतीचा, आपल्याकडच्या शंकरपटाचा. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. मागे मतांची ताकद होती म्हणून २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्तीवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला. ज्याची संघटना त्याला न्याय. दरवेशाची संघटना नाही, सईसाची ऐकू येत नाही.

आणि महालक्ष्मी? तिचा भाडेपट्टा २०१३ मध्येच संपला. तरी शर्यती चालू राहिल्या. झोपडपट्टीतल्या माणसाचा कागद एक दिवस उशिरा झाला तर बुलडोझर येतो. इथे दहा-अकरा वर्षे गेली आणि २०२४ मध्ये तोडगा निघाला. १२० एकर उद्यानासाठी महापालिकेकडे, आणि ९१ एकर क्लबकडे २०५३ पर्यंत. उद्यान व्हावे, जरूर व्हावे. पण या वाटाघाटीत तबेल्यात राबणाऱ्या माणसांच्या राहण्याचा, विम्याचा, पेन्शनचा करार कोणी मागितला का?

घोडा जातिवंत, माणूस बेवारस

आपली भाषा चांगल्या घोड्याला 'जातिवंत' म्हणते. शर्यतीचे थरोब्रेड घोडे तीन अरबी-तुर्की नरांच्या वंशातले मानले जातात. त्यांची वंशावळ छापणारे स्टड बुक इंग्लंडमध्ये १७९१ पासून चालू आहे. त्या वहीत ज्याचे आई-बाप नाहीत तो घोडा थरोब्रेड नाही. बाहेरच्याला दार बंद. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मूळ बंद दारातल्या विवाहात आहे असे दाखवले होते. निदान घोड्याची तरी दर शर्यतीत परीक्षा होते, धावला नाही तर त्याचे कूळ कोणी विचारत नाही. माणसाच्या जातीला तेवढीही परीक्षा नाही.

जो समाज घोड्याच्या दोनशे वर्षांच्या पिढ्या तारखेनिशी लिहून ठेवू शकतो, तो त्याच घोड्याला सांभाळणाऱ्या माणसाचे नाव हजेरीपटावर नीट लिहू शकत नाही, हे मला पटत नाही. वही आहे, लिहिण्याची इच्छा नाही.

मग आमची मागणी काय?

२०१७ पासून शर्यतीच्या पैजेवर २८ टक्के जीएसटी होता. तो पूर्ण पैजेवर की क्लबच्या कमिशनवर, यावर कोर्टकज्जे झाले. ऑक्टोबर २०२३ पासून तो पूर्ण रकमेवर पक्का झाला आणि सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के झाला. शंभराच्या पैजेवर चाळीस रुपये. क्लब म्हणतात, यामुळे पैज लावणारे बेकायदा बुकीकडे जातील आणि दिवस आणखी घटतील. असेलही. पण या चाळीस रुपयांतला एक रुपया तरी सईसाच्या नावाने कुठे जमा होतो का?

महाराष्ट्राकडे यासाठी तयार रस्ता आहे. १९६९ चा माथाडी कायदा. हमालाचे मालक अनेक, काम रोजचे बदलते, म्हणून सरकारने मंडळ केले. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने कामगाराला पगार, फंड, औषधपाणी द्यायचे. सईसाचेही मालक अनेक आणि ट्रेनर बदलता. मग घोडेकामगारांचे असेच मंडळ का नको? १९१२ च्या कायद्याखाली परवाना देताना सरकारने तीन शर्ती घालाव्यात. प्रत्येक सईस, रायडिंग बॉय, नालबंद आणि रोजंदारी कामगाराची नोंदणी. दर पैजेतून मंडळाला ठरावीक लेव्ही, पडद्यावरच्या शर्यतीच्या पैजेतूनही. आणि दिवस कमी केले तर कमी झालेल्या दिवसांचा पगार आधी, मग बाकीचा हिशोब.

हे झाले की शर्यतीचे दिवस शंभर ठेवा, पन्नास ठेवा किंवा उद्या लोकांनी ठरवले तर शून्य करा. त्यावर मोकळेपणाने वाद घालता येईल, कारण तेव्हा गरिबाचे पोट कुणाच्या ढालीसारखे वापरता येणार नाही. बाबासाहेबांनी १९४९ मध्ये राज्याच्या हातात अधिकार ठेवला आणि त्याआधी मजूरमंत्री म्हणून कामगाराच्या विम्याची पायाभरणी केली. या दोन गोष्टी एकत्र वापरायच्या आहेत, एवढेच आपले काम उरले आहे.

माळेगावच्या यात्रेत घोडे विकायला येणाऱ्या, नांदेडच्या मोंढ्यात पोती उचलणाऱ्या, किनवटहून हैदराबादला कामाला जाणाऱ्या माझ्या भावांनो, उद्या कोणी तुमच्या नावाने ओरडायला लागला तर त्याला पहिला प्रश्न विचारा: हजेरीपट दाखव.

जय भीम! जय संविधान!